भाग काढण्याआधी भार कमी करा: काटकसरी उत्पादनाची रचना, पायरीपायरीने

कमी पैशांत, कमी साधनांवर चालणारी वस्तू करायची म्हटलं की बहुतेक जण बाजारातली महाग वस्तू टेबलावर उघडून बसतात आणि यातलं काय काय काढता येईल ते शोधायला लागतात. दोन स्क्रू जातात, पत्रा पातळ होतो, केबल आखूड होते. शेवटी हातात येते ती तीच वस्तू, फक्त कमजोर. बचत दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढे सरकत नाही आणि तीसुद्धा दुरुस्तीच्या तक्रारींत निघून जाते.

यात हुशारी कमी पडत नाही, क्रम उलटा होतो. आधी गरज मोजायची, मग गरजेमुळे पडणारा भार कमी करायचा, मग भाग निवडायचे आणि सगळ्यात शेवटी ते कसे बनवायचे ते ठरवायचं. खाली हाच क्रम दिला आहे. आकडे हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: वीज नसलेल्या घरात अभ्यासासाठी वापरायचा सौर दिवा. तुमची वस्तू वेगळी असली तरी हिशेबाची रीत तीच राहते.

## तयारी: सुरू करण्याआधी जवळ काय हवं

एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर (जाडी-लांबी बारकाईने मोजणारं साधन), मल्टिमीटर, स्टॉपवॉच आणि तुमच्या वस्तूचं मुख्य काम मोजणारं एखादं उपकरण. दिव्यासाठी ते लक्समीटर (जागेवर किती उजेड पडतो ते 'लक्स'मध्ये दाखवणारं), पंपासाठी मापाची बादली, चुलीसाठी थर्मामीटर आणि सरपणाचा काटा. मुख्य काम मोजता येत नसेल तर पुढे जाऊ नका. 'चांगलं चालतं' हे माप नव्हे.

माणसं किमान तीन प्रकारची हवीत: रचना करणारा, प्रत्यक्ष बनवणारा आणि असल्या वस्तू दुरुस्त करणारा. तिसऱ्याला बहुतेक वेळा शेवटी बोलावतात. त्याला पहिल्या बैठकीतच बसवा. कुठला भाग आधी मोडतो हे त्याला पाठ असतं आणि ती माहिती कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

बाजारातल्या दोन-तीन वस्तू विकत आणून ठेवा, पण अजून उघडू नका. त्या चौथ्या पायरीवर लागतील. आधी उघडल्या की डोक्यात त्यांचाच आराखडा बसतो.

## पायरी १: गरज विचारू नका, मोजा

आठ ते बारा वापरकर्ते पुरेसे आहेत, मात्र ते सारखे नकोत. सगळ्यात जास्त वापरणारा, सगळ्यात कमी वापरणारा, वस्तू घेऊन सोडून दिलेला आणि कधीच न घेतलेला, असे चारही हवेत. ज्या वेळी आणि ज्या जागी वस्तू वापरली जाते तिथेच जा. रात्री लागणारा दिवा दुपारी बघून काही कळत नाही.

'तुम्हाला काय हवं?' हा प्रश्न टाळा, उत्तर 'सगळंच' असं येतं. त्याऐवजी शेवटच्या वेळेबद्दल विचारा: काल रात्री काय केलंत? किती वेळ? दिवा कुठे ठेवला होता? बिघडला तेव्हा कोणाकडे नेला? सध्या त्यावर महिन्याला किती खर्च होतो?

प्रकाश किती हवा असं विचारलं तर प्रत्येक जण 'भरपूर' म्हणतो. म्हणून मंद-प्रखर करता येणारा दिवा समोर ठेवा, बटण वापरणाऱ्याच्याच हातात द्या आणि वाचताना तो जिथे थांबेल तिथे मीटर वाचा. कार्यालयातल्या टेबलांसाठी साधारण ३०० ते ५०० लक्सची शिफारस असते. आपल्या उदाहरणात वही आणि पुस्तक मावेल अशा ६० बाय ६० सेंटिमीटर जागेवर सरासरी १५० लक्स आणि मध्यभागी त्याहून जास्त, रोज चार तास, असं धरू.

पैसे देणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा ही बहुधा तीन वेगळी माणसं असतात. तिघांची नोंद वेगळी ठेवा. आफ्रिकेत बसवलेल्या 'प्लेपंप'मध्ये मुलांच्या खेळण्याच्या चक्राने पाणी वर यावं अशी कल्पना होती. पाण्याची गरज मात्र मुलांच्या खेळाच्या वेळा पाळत नव्हती, त्यामुळे ते जड चक्र बायकांनाच हाताने फिरवावं लागे. घरात पाणी कोण, कधी आणि किती वेळ भरतं याची नोंद या पायरीवर झाली, तर असा घोळ कागदावरच दिसतो.

तपासणी: गरज एका वाक्यात, वस्तूचं नाव न घेता लिहा. 'रोज रात्री चार तास, ०.३६ चौरस मीटर जागेवर १५० लक्स.' वाक्यात आकडा नसेल किंवा 'सौर दिवा' हे शब्द आले असतील, तर ही पायरी अर्धवट आहे.

याच कागदाच्या मागच्या बाजूला 'ही वस्तू काय करणार नाही' याची यादी करा. आपला दिवा खोली उजळणार नाही, मोबाइल चार्ज करणार नाही, रंग बदलणार नाही. ही यादी सगळ्यांच्या सहीने भिंतीवर लावा. पुढे दर आठवड्याला कोणीतरी 'एवढं एक घालूया' म्हणत येणारच आहे.

## पायरी २: साधनांचा ताळेबंद मांडा

सगळ्यात जास्त बचत इथेच होते आणि घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात. वस्तूच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे वापरणाऱ्याला मिळणाऱ्या कामापासून, मागे मागे हिशेब करत जायचं.

जागेवर हवा असलेला प्रकाश: १५० लक्स गुणिले ०.३६ चौरस मीटर, म्हणजे ५४ ल्युमेन (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचं माप). दिव्यातून निघालेल्या प्रकाशापैकी ६० टक्के त्या जागेवर पडतो असं धरलं तर दिव्यातून ९० ल्युमेन निघायला हवेत. दर वॉटला १०० ल्युमेन देणारे एलईडी सहज मिळतात, तेव्हा ०.९ वॉट. चार तासांचे ३.६ वॉट-तास. एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सेलमधून रोज ४ वॉट-तास काढावे लागतील.

आता दुसरा आराखडा पाहा. कोणीतरी म्हणालं, सगळी खोली उजळू दे, ४०० ल्युमेन ठेवा. त्याच हिशेबाने ४ वॉट, १६ वॉट-तास आणि सेलमधून रोज सुमारे १७.८ वॉट-तास.

पॅनेलचा हिशेब: तिथे दिवसाला पूर्ण प्रखर सूर्यप्रकाशाचे ४ तास मिळतात असं समजा. धूळ, उष्णता, चुकीचा कोन आणि व्होल्टेज न जुळणं यात ४० टक्के जातात. म्हणजे १ वॉटच्या पॅनेलकडून दिवसाला २.४ वॉट-तास. पहिल्या दिव्याला १.७ वॉट लागतील, २ वॉटचं पॅनेल घ्यायचं. दुसऱ्याला ७.४ वॉट, म्हणजे ८ वॉटचं पॅनेल. पॅनेल मोठं झालं की चौकट, केबल, खोका आणि वाहतूक सगळंच मागोमाग वाढतं. कुठलाही भाग न काढता पहिल्या दिव्याचा भार दुसऱ्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर आला, कारण प्रकाश जिथे हवा तिथेच टाकला.

सेलचा हिशेब करताना एक खोच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल ८० टक्क्यांपर्यंतच रिकामा करायचा असं ठरवलं, तर ४ वॉट-तासांसाठी ५ वॉट-तासांचा सेल लागतो. ३.२ व्होल्टवर तो साधारण १.५६ अँपिअर-तास होतो. बाजारात १.५ अँपिअर-तासाचा सेल सहज मिळतो आणि तो घेण्याचा मोह होतो. पण त्यात ढगाळ दिवसाची सोय नाही, शिवाय दोन-तीन वर्षांनी क्षमता घटली की परीक्षेच्या रात्री दिवा तीन तासांत मान टाकणार. ३ अँपिअर-तासाचा सेल घेतला तर वापरण्याजोगे ७.७ वॉट-तास मिळतात, म्हणजे जवळपास दोन रात्री. सेल रोज कमी खोलवर रिकामा होत असल्याने टिकतोही जास्त. काटकसरी रचनेत काही भाग मुद्दाम मोठे घ्यावे लागतात, आणि कुठले ते ताळेबंदच सांगतो.

वीज नसलेल्या वस्तूंनाही हाच नियम लागतो. १,००० लिटर पाणी ५ मीटर वर चढवायला किमान ४९ किलोज्यूल ऊर्जा लागते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ९८ किलोज्यूल. माणूस पायाने सलग ५० वॉट देतो असं धरलं तर सुमारे ३३ मिनिटं. तेवढा वेळ रोज कोण देणार, हा प्रश्न लोखंड कापण्याआधी विचारायचा. आणि पाणी पंपाच्या ७ मीटरहून जास्त खाली असेल तर ओढणारा पंप कितीही चांगला बनवा, उपयोग नाही: हवेच्या दाबाने पाणी सिद्धांतात सुमारे १०.३ मीटरच चढतं, व्यवहारात ७ च्या आसपास.

इशारा: प्रत्येक टप्प्यावर 'थोडं जास्त असू दे' म्हणून २० टक्के वाढवत गेलात, तर पाच टप्प्यांनंतर वस्तू अडीच पट झालेली असते. सुरक्षेची वाढ एकदाच, ठरवून, एकाच ठिकाणी द्या.

## पायरी ३: किंमत उलट्या दिशेने मोजा

भागांची बेरीज करून त्यात नफा मिळवायचा, ही रीत इथे चालत नाही. विक्रीची किंमत आधी ठरवा आणि वजाबाकी करत या. पहिल्या पायरीत कळलेला सध्याचा खर्च हा त्याचा आधार.

समजा विक्री किंमत १०० एकक आहे. उदाहरणादाखल दुकानदार २०, वितरक ८, वाहतूक ५, कर १०, हमीकाळातल्या दुरुस्तीची तरतूद ४ आणि तुमचा वरखर्च व नफा १५ धरले, तर उरतात ३८. त्यातून जोडणी आणि तपासणीचे ६, खोक्याचे ४. सुट्या भागांसाठी राहिले २८. तुमच्या बाजाराचे आकडे वेगळे असतील, पण भागांच्या वाट्याला विक्री किमतीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याहून फार जास्त उरत नाही हे गृहीत धरून चाला. भागांवरच ७० एकक खर्चून 'किंमत १०० ठेवू' म्हणणारे पहिल्या खेपेतच अडकतात.

दुरुस्तीची तरतूद स्वतंत्र मोजा. एका बिघाडाचा खर्च, जाण्यायेण्याची वाहतूक धरून, ४० एकक असेल आणि ५ टक्के वस्तू परत येत असतील, तर दर वस्तूमागे २ एकक. बटणात १ एकक वाचवलं आणि परत येणाऱ्या वस्तू १५ टक्क्यांवर गेल्या, तर तरतूद ६ होते. एक वाचवायला चार घालवले. खरेदी बघणारा आणि दुरुस्ती बघणारा वेगवेगळ्या वह्या ठेवत असतील, तर हे नुकसान कोणाच्याच नजरेस पडत नाही.

तपासणी: वापरणाऱ्याच्या बाजूने दर वर्षाचा खर्चही काढा: किंमत अधिक बदलायचे भाग, भागिले टिकण्याची वर्षं. स्वस्त वस्तूचा वार्षिक खर्च महाग वस्तूपेक्षा जास्त निघाला तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर जा.

## पायरी ४: कामांची यादी करा, मग भाग निवडा

आता बाजारातल्या वस्तू उघडा. प्रत्येक भागाचं वजन आणि अंदाजे किंमत लिहा. मग भागांऐवजी कामांचा तक्ता करा. प्रत्येक काम दोन शब्दांत: 'वीज साठवणे', 'प्रकाश वळवणे', 'पाणी अडवणे', 'कोन धरणे'. प्रत्येक भागाची किंमत तो करत असलेल्या कामांत वाटून टाका. हमखास एखादं काम असं निघतं, ज्यावर एक पंचमांश किंमत जाते आणि तुमच्या गरजेच्या वाक्यात त्याचा पत्ताच नसतो.

त्यानंतर प्रत्येक भागाला याच क्रमाने प्रश्न विचारा:

1. हे काम मुळात लागतं का?
2. शेजारचा भाग हे काम करू शकतो का?
3. सहज मिळणारा, दुसऱ्या धंद्यात भरपूर वापरला जाणारा भाग इथे चालेल का?
4. हे तिन्ही नसेल तरच: हा भाग हलका किंवा स्वस्त करता येईल का?

लोक चौथ्या प्रश्नापासून सुरू करतात.

दिव्यात दुसऱ्या प्रश्नाचं चांगलं उत्तर मिळतं. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचं व्होल्टेज वापराचा बहुतेक काळ ३.२ च्या आसपास स्थिर राहतं आणि पांढऱ्या एलईडीला कमी करंटवर साधारण २.९ व्होल्ट लागतात. दोन्ही इतके जवळ आहेत की व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटची गरजच राहत नाही. सेलची निवडच ते काम उरकते, आणि कार्यक्षमता २.९ भागिले ३.२, म्हणजे ९० टक्के मिळते.

इथेच पुढची चूक होते. 'मग नुसता रेझिस्टर (करंटला अडवणारा साधा भाग) लावू' असा विचार येतो. सेल आणि एलईडी यांत फक्त ०.३ व्होल्टचा फरक आहे. सेल ३.१ वर आला की तो ०.२ होतो आणि करंट एक तृतीयांशाने पडतो. नुकत्याच चार्ज झालेल्या ३.४ व्होल्टच्या सेलवर तो उलट उसळतो. त्यात एलईडींच्या दोन खेपांत ०.१ व्होल्टचा फरक सहज असतो. मग एकाच टेबलावर बनलेले दोन दिवे वेगवेगळ्या उजेडाचे निघतात. म्हणून कमी व्होल्टेज-फरकावर चालणारा स्थिर-करंट रेग्युलेटर लावा. भाग एक वाढला, पण इथे तो हवाच.

३०० मिलिअँपिअर एकाच एलईडीतून घालण्याऐवजी एकाच खेपेतल्या सहा छोट्या एलईडींतून प्रत्येकी ५० घाला. उष्णता पसरते, ॲल्युमिनियमचा तुकडा लागत नाही आणि कमी करंटवर एलईडी दर वॉटला जास्त प्रकाश देतो. संख्या वाढवून खर्च कमी झाल्याचं हे उदाहरण. भाग मोजून काटकसर मापणाऱ्यांना ते पटत नाही.

इशारा: इथे काटकसर नको. सेलचं जादा चार्जिंग, अतिरिक्त रिकामं होणं आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण, अन्न-पाण्याला लागणारा पदार्थ, वजन पेलणारा सांधा, अर्थिंग, मुलांच्या हाती येणाऱ्या कडा. या भागांवर लाल खूण करा आणि खर्च कपातीच्या बैठकीत ती पानं उघडूच नका.

## पायरी ५: बनवण्याची पद्धत संख्येवरून ठरवा

नमुना ३डी प्रिंटरवर छान निघाला म्हणून रचना साच्यासाठी तयार झाली असं नसतं. प्लास्टिकच्या साच्यासाठी भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी, छोट्या पेटीला साधारण १.५ ते २.५ मिलिमीटर. वस्तू साच्यातून सुटावी म्हणून उभ्या भिंतींना १ ते २ अंशांचा उतार हवा. मजबुतीसाठीच्या आतल्या पट्ट्या भिंतीच्या ५० ते ६० टक्के जाडीच्या ठेवा. जास्त जाड केल्या तर बाहेरच्या बाजूला खळगे पडतात.

साचा कधी करायचा हे साध्या भागाकाराने ठरतं. समजा प्रिंट केलेली पेटी ५० एककांना पडते. ॲल्युमिनियमचा साचा २०,००० एककांचा आणि त्यातली पेटी १० ला, पोलादी साचा १,००,००० चा आणि पेटी ६ ला. पहिल्या दोघांत २०,००० भागिले ४०, म्हणजे ५०० नगांपर्यंत प्रिंटच परवडतो. पुढच्या दोघांत ८०,००० भागिले ४: २०,००० नगांपर्यंत ॲल्युमिनियम. 'मोठ्या संख्येत स्वस्त पडेल' या आशेवर पोलादी साचा आधी करून ठेवणं ही पैसा अडकवण्याची सगळ्यात खात्रीची वाट. शिवाय रचना अजून बदलायची असते.

साचा टाळता येतो का, तेही बघा. सपाट पत्रा, कागद, नळी, पट्टी यांच्या घड्या आणि काप पुष्कळ कामं करतात. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या 'फोल्डस्कोप'मध्ये छापलेल्या कागदाची घडीच भिंग, नमुना आणि प्रकाश एका रेषेत धरते. त्यासाठी वेगळी धातूची चौकट लागत नाही. घडी तिथे शोभेला नाही, अचूकतेसाठी आहे.

जोडणीत खटक्याने बसणाऱ्या क्लिपा स्वस्त पडतात, पण त्या कायमच्या बंद राहणाऱ्या बाजूला. सेल बदलायला जी बाजू उघडावी लागते तिथे स्क्रूच हवेत, सगळे एकाच मापाचे, एकाच स्क्रूड्रायव्हरने निघणारे. वाटेल तशी मापं घेतली की दुरुस्ती करणारा लांब स्क्रू आखूड भोकात घालतो आणि पेटी फाटते.

## पायरी ६: सगळ्यात मोठी शंका आधी तपासा

पूर्ण दिसणारा पहिला नमुना करू नका. ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात कमी खात्री आहे ती एकटी तपासणारा, कुरूप नमुना करा. दिव्यात ती शंका इलेक्ट्रॉनिक्सची नाही. एवढ्याशा उजेडाच्या वर्तुळात माणूस चार तास बसेल का, ही आहे. पुठ्ठ्याचा शेड, सहा एलईडी आणि बाहेर ठेवलेली बॅटरी एवढ्यावर ती एका रात्रीत तपासता येते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक नमुन्यावर क्रमांक लिहा. शेडचा कोन आणि एलईडीची संख्या एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

नमुना देताना समजावून सांगू नका. खोक्यातून बाहेर काढून द्या आणि गप्प राहा. चुकीच्या ठिकाणी गेलेला हात ही रचनेची चूक आहे, वापरणाऱ्याची नव्हे. ओळखीच्या लोकांकडून मिळालेलं कौतुक हिशेबात धरू नका. 'परत न्यायला येतो' म्हटल्यावर जो द्यायला कचरतो, त्याचं मत खरं.

वस्तू दिसायला गरीब नको, हेही इथेच कळतं. 'सर्वांत स्वस्त गाडी' ही टाटा नॅनोची ओळखच तिला नडली, आणि हे रतन टाटांनी स्वतः बोलून दाखवलं होतं. कडा नीट घासणं आणि एकसारखा रंग यांना फारसा खर्च येत नाही. पेटीवर 'कमी खर्चाचं' असं लिहू नका.

## पायरी ७: मुद्दाम मोडा

चाचण्या वापराच्या आकड्यांवरून ठरवा. बटण रोज ४ वेळा दाबलं जात असेल तर तीन वर्षांत ४,३८० वेळा. चाचणी १०,००० वेळांची. पेटी १ मीटरवरून काँक्रीटवर सहाही बाजूंनी पाडा. पॅनेलची केबल जिथे पेटीत शिरते तिथे वजन टांगून हजारो वेळा वाकवा. लहान सौर वस्तूंत पहिला बळी बहुधा इथेच जातो: सेल ठणठणीत, एलईडी ठणठणीत, आणि सोल्डरच्या टाक्याजवळ तुटलेली तार. ताण टाक्यावर येऊ नये म्हणून केबल आत वळवून प्लास्टिकच्या दोन खुंट्यांमध्ये अडकवा. खुंट्या साच्यातच येतात, वेगळा खर्च नाही.

उन्हाची चाचणी टाळू नका. पॅनेल आणि सेल एकाच पेटीत ठेवायची कल्पना स्वस्त आणि सुटसुटीत वाटते. पण उन्हात पॅनेल ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं आणि बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करायचे नसतात. पाठीला पाठ लावून बसवलेला सेल रोज भाजून निघतो. म्हणून पॅनेल केबलने वेगळं ठेवा आणि दिवा सावलीत राहू द्या. पॅनेलचंही नुकसान असतं: सिलिकॉन पॅनेलची शक्ती २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के घटते, म्हणजे ६५ अंशांवर १६ टक्के गेले. मागून हवा खेळेल अशी जागा ठेवा.

आता नगांची संख्या. ३० नग तपासले, एकही बिघडला नाही, म्हणून 'बिघाड शून्य' असं म्हणता येत नाही. शून्य बिघाड आले तर ३ भागिले नगांची संख्या, एवढ्या प्रमाणात बिघाड असण्याची शक्यता ९५ टक्के खात्रीच्या हिशेबात शिल्लक असते. ३० नगांवरून १० टक्के, ६० वरून ५ टक्के, ३०० वरून १ टक्का. तिसऱ्या पायरीत परतीचं प्रमाण ५ टक्के धरलं असेल तर ६० पेक्षा कमी नग तपासून मोकळं होऊ नका.

तपासणी: प्रत्येक बिघाडापुढे कारण लिहा: रचना, भाग, जोडणी की वापर. 'कारण समजलं नाही' असे नग टाकून द्यायचे नाहीत, पिशवीत घालून ठेवायचे.

## पायरी ८: पहिली खेप लहान, पण खरी

५० ते २०० नग. खऱ्या साच्यातून, खऱ्या कामगारांकडून, रचना करणाऱ्यांनी हात न लावता. जोडणीला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. तिसऱ्या पायरीत धरलेल्या ६ एककांत तो बसतो का, ते आत्ताच कळायला हवं.

आलेले भाग दर खेपेला तपासा. सेलचं वजन करा, ठरलेल्या वजनापेक्षा हलका सेल संशयास्पद. प्रत्येक खेपेतले काही सेल पूर्ण चार्ज करून ठराविक करंटवर रिकामे करा आणि खरी क्षमता लिहा. पुरवठादार भाग न सांगता बदलतात. पहिल्या खेपेचा भाग आणि पाचव्या खेपेचा भाग एकाच नावाने येतो, पण तो तोच असेल असं नाही.

पेटीच्या आत खेपेचा क्रमांक उठवा. सुटा सेल, बटण, केबल आणि पॅनेल यांचा साठा पहिल्या खेपेसोबतच विक्रीच्या ठिकाणी पोचवा, साधारण दर १०० नगांमागे प्रत्येकी ५ पासून सुरुवात करून. जोडणीचं एक चित्रपान खोक्याच्या झाकणाच्या आतच छापा. वेगळा कागद हरवतो.

तीन महिन्यांनी, आणि मग पाऊस संपल्यावर पुन्हा, विकलेल्यांपैकी ठराविक नग शोधून बघा. परत न आलेला नग चालूच असतो असं नाही, कित्येकदा तो कोपऱ्यात पडलेला असतो. चालू, बिघडलेला आणि वापरात नसलेला, अशी तीन खात्यांत मोजणी करा. तिसरं खातं दहा टक्क्यांच्या वर गेलं तर भागांना हात लावू नका. पहिल्या पायरीचा कागद काढा आणि गरजेचं वाक्य पुन्हा वापरणाऱ्यांसमोर मोजून घ्या.